अक्षरे कुठे राहतात?

दूरच्या संगणकाशी जोडणी केली, नाव आणि परवलीचा शब्द दिला, आत प्रवेशही मिळाला. पण पडद्यावर जे दिसायला हवे ते दिसत नाही. कुठे मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग, कुठे रिकाम्या चौकटी, कुठे रोमन अक्षरे आणि चलनचिन्हे यांचा काला, तर कुठे 'डिस्प्ले उघडता येत नाही' एवढे एका ओळीत सांगून कार्यक्रम थांबतो. ग्रंथालय असो, विद्यापीठ असो वा छापखाना, ज्यांचा अशा दूरस्थ यंत्राशी संबंध येतो त्यांना यातले काही ना काही ओळखीचे असते. या तक्रारींकडे तंत्रज्ञाचे किरकोळ काम म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. मी संगणकशास्त्र कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. जुनी माहितीपुस्तके आणि जाहीर झालेले नियमांचे मसुदे वाचत जे उमगले तेवढीच माझी पुंजी. त्या वाचनातून माझे मत असे झाले आहे की या साऱ्या तक्रारींच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे. काम एका ठिकाणी आणि पडदा दुसऱ्या ठिकाणी असेल, तर अक्षरे कोणाकडे ठेवायची?

गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली. प्रत्येक उत्तर त्या त्या काळी सोयीचे होते, आणि प्रत्येकाने आपल्यामागे एकेक बिघाड ठेवला. आज आपल्या पडद्यावर जे बिघडते ते या साऱ्या उत्तरांचे एकावर एक बसलेले थर असतात.

लोखंडी अक्षरे

११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात गणितज्ञांची परिषद भरली होती. बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तिथे एक टेलिटाइप यंत्र मांडले. ते तारेने न्यूयॉर्कमधील त्यांच्या गणनयंत्राला जोडलेले होते. संमिश्र संख्यांची उदाहरणे इथे टंकित करायची, ती शेकडो किलोमीटर दूर सुटायची आणि उत्तर इथल्या कागदावर उमटायचे. उपस्थितांत नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉक्ली हेही होते. दूरच्या गणनयंत्राचा जाहीर वापर झाला तो हा असा. त्यात 'पडदा' म्हणजे कागदाची गुंडाळी होती आणि अक्षरे धातूची होती, वापरणाऱ्याच्या बाजूला. तारेतून अक्षर जात नव्हते, अक्षराचा क्रमांक जात होता. हा भेद लक्षात ठेवला की पुढचे सारे उलगडते.

१९६३ साली आलेल्या 'मॉडेल ३३' या टेलिटाइपमध्ये एका फिरत्या दंडगोलावर रोमन लिपीची फक्त मोठी अक्षरे कोरलेली होती. वेग सेकंदाला दहा अक्षरांचा, ओळ बहात्तर अक्षरांची. या यंत्राचा ठसा अजून पुसला गेलेला नाही. युनिक्स आणि तिच्या वंशातल्या प्रणालींत टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात ते टेलिटाइपवरूनच. जुन्या युनिक्समध्ये कोणी आपले नाव मोठ्या अक्षरांत टंकले, तर दूरची प्रणाली समजायची की समोरच्याकडे लहान अक्षरेच नाहीत, आणि पुढचे सारे मोठ्या अक्षरांत पाठवायची. पलीकडच्याकडे कोणती अक्षरे आहेत याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर विसंबून बोलायचे, ही सवय तेव्हापासूनची.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री अर्पानेटवरून पहिला संदेश गेला. तोही दूरच्या यंत्रात प्रवेश करण्याचाच प्रयत्न होता, ही गोष्ट क्वचित सांगितली जाते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लिओनार्ड क्लाइनरॉक यांचा विद्यार्थी चार्ली क्लाइन बसला होता. पाचशे किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बिल डुव्हल होते. क्लाइनने 'लॉगइन' या शब्दाची अक्षरे एकेक करून धाडली. एल पोचले, ओ पोचले आणि जी टंकताच व्यवस्था कोलमडली. क्लाइनने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, जी मिळताच पलीकडचे यंत्र शब्द आपणच पुरा करून 'जी-आय-एन' अशी तीन अक्षरे एकदम परत पाठवू लागले. घेणाऱ्या बाजूला मात्र एका वेळी एकच अक्षर येईल असे गृहीत धरलेले होते. तार शाबूत होती, दोन्ही यंत्रेही आपापल्या जागी ठीक होती. जे टंकले ते परत कसे दाखवायचे याबद्दल दोघांची समजूत वेगळी होती, एवढेच. सुमारे तासाभरात दुरुस्ती झाली आणि प्रवेश मिळाला. संगणकांच्या जाळ्याचा इतिहास, म्हणजे, दाखवण्याच्या बिघाडापासूनच सुरू होतो.

कोणाचेच नसलेले टर्मिनल

सत्तरच्या दशकात कागद मागे पडून काचेचा पडदा आला आणि प्रत्येक कारखानदाराचे टर्मिनल वेगळी बोली बोलू लागले. पडदा पुसण्याची खूण एकाची एक, तर दुसऱ्याची भलतीच. यावर दोन तोडगे निघाले.

पहिला टेलनेटचा. त्याचे स्थिरावलेले नियम जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी मे १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली कल्पना अशी की दोन्ही बाजूंनी एक काल्पनिक टर्मिनल मानायचे, जे प्रत्यक्षात कोणाकडेच नाही. बोलायचे त्याच्या बोलीत, आणि अधिक काही हवे असेल तर 'मी करीन', 'तू कर', 'मी करणार नाही', 'तू करू नकोस' अशा चार पदांत वाटाघाट करायची. व्यापारी पेठेत तिसऱ्याच भाषेत व्यवहार करावा, तसे हे. पण त्या काल्पनिक टर्मिनलाची मूळ अक्षरे सात बिटांच्या आस्की संकेतातली होती, म्हणजे रोमन. ज्याची लिपी त्यात नाही त्याने वाटाघाट करून जागा मिळवायची.

दुसरा तोडगा बर्कलीतल्या बिल जॉय यांचा. त्यांनी सर्व टर्मिनलांच्या खोडी एका यादीत नोंदवल्या. या यादीचे नाव टर्मकॅप. कार्यक्रमाने आधी समोर कोणते टर्मिनल आहे ते विचारायचे, यादीत त्याची नोंद पाहायची आणि मग पडद्याला हात घालायचा. टर्मिनलाचे नाव 'टर्म' या चलात ठेवलेले असते. याच सुमारास, १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे व्हीटी-१०० बाजारात आले. ऐंशी रकाने, चोवीस ओळी. ऐंशीचा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रपत्रापासून चालत आलेला. व्हीटी-१०० इतके रुजले की ते यंत्र गेले तरी त्याचा आव आणणारे कार्यक्रम राहिले. आज आपल्या खिडकीत उघडणारे टर्मिनल हे अशाच एका मृत यंत्राचे सोंग असते.

या व्यवस्थेचे बिघाड आजही रोजचे आहेत. नव्या टर्मिनलावरून जुन्या सर्व्हरशी जोडले की 'टर्मिनलाचा प्रकार अज्ञात' असे उत्तर येते, कारण त्याच्या यादीत हे नवे नाव नाही. तेव्हा 'टर्म' मध्ये व्हीटी-१०० असे लिहिले की बहुधा काम भागते; अनोळखी गावात आजोबांचे नाव सांगून ओळख पटवावी तसे. मागे जाण्याची कळ दाबली की पुसण्याऐवजी टोपीचे चिन्ह आणि एच उमटते, कारण पुसण्यासाठी आठ हा क्रमांक पाठवायचा की एकशे सत्तावीस, यावर दोन घराण्यांचे एकमत झाले नाही. चुकून एखादी चित्राची फाइल पडद्यावर ओतली गेली, तर पुढची सारी अक्षरे रेघोट्या बनतात. व्हीटी-१०० मध्ये चौकटी काढण्यासाठी रेषांचा दुसरा अक्षरसंच होता आणि एका नियंत्रण-संकेताने तो सुरू होई. तो संकेत त्या चित्राच्या बाइटांत दडलेला असतो. 'रिसेट' ही आज्ञा न दिसताही टंकून दिली की गाडी रुळावर येते.

उलटे झालेले शब्द

चित्रमय पडद्याची गोष्ट केंब्रिजच्या एमआयटीत घडते. तिथे १९८३ साली डिजिटल आणि आयबीएम यांच्या मदतीने 'अथेना' प्रकल्प सुरू झाला. संपूर्ण विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी संगणक बसवायचे होते आणि दोन कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जुळत नव्हती. कार्यक्रम कुठल्याही यंत्रावर चालावा आणि दिसावा मात्र विद्यार्थ्यासमोरच्या पडद्यावर, ही गरज त्यातून आली. स्टॅनफर्डमध्ये 'डब्ल्यू' नावाची खिडक्यांची एक व्यवस्था तयार होती. रॉबर्ट शाइफलर यांनी तिच्यापासून सुरुवात करून जून १९८४ मध्ये नवी व्यवस्था जाहीर केली आणि वर्णमालेतले पुढचे अक्षर घेऊन तिला 'एक्स' म्हटले. जिम गेटिस त्यांच्या सोबतीला होते. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, आणि ती आजही वापरात आहे.

एक्समध्ये शब्द उलटे आहेत आणि नवशिक्यांचा गोंधळ तिथून सुरू होतो. सर्व्हर म्हणजे दूरचे मोठे यंत्र, ही आपली समजूत. एक्सच्या भाषेत सर्व्हर आपल्या टेबलावर असतो, कारण तो पडद्याची सेवा देतो. दूरच्या यंत्रावरचा कार्यक्रम हा गिऱ्हाईक. तो आपल्या दारी येऊन 'इथे एक खिडकी काढा, तिथे या फाँटात अमुक शब्द लिहा' अशी विनंती करतो. कोणाच्या दारी जायचे तो पत्ता 'डिस्प्ले' या चलात असतो : यंत्राचे नाव, पडद्याचा क्रमांक. पत्ता रिकामा असेल किंवा चुकीचा असेल, तर 'डिस्प्ले उघडता येत नाही'. पत्ता बरोबर असून दाराशी अडवले, तरी जवळपास तेच उत्तर.

दाराशी अडवणे आवश्यक होतेच. सुरुवातीला अनेक जण 'कोणीही यावे' अशी एका ओळीची आज्ञा देऊन मोकळे होत. मग जाळ्यावरचा कोणीही तुमचा पडदा पाहू शके, तुमच्या कळा वाचू शके. त्यावर उपाय म्हणून १२८ बिटांचा एक गुप्त आकडा ठेवण्याची पद्धत आली. तो दाखवील त्यालाच प्रवेश. या पद्धतीचे अधिकृत नाव 'जादूची कुकी' असे आहे. पण जाळ्यावरची वाहतूकच उघडी होती. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर तातू युलेनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हा सुरक्षित मार्ग लिहिला. एक्सच्या खिडक्याही त्याच बंद बोगद्यातून आणण्याची सोय त्यात होती. तिथे दूरच्या यंत्रावर एक खोटा पडदा उभा केला जातो, त्याचा क्रमांक सहसा दहापासून सुरू होतो, आणि त्याच्या पत्त्यावर आलेली प्रत्येक विनंती बोगद्यातून आपल्या खऱ्या पडद्याकडे पोचते. म्हणून एसएसएच वापरताना 'डिस्प्ले' चा पत्ता आपण हाताने लिहू नये. लिहिला की बोगदा टळतो. पत्ता आपोआप आला नसेल, तर तीन ठिकाणी पाहावे. जोडताना आपण खिडक्यांची मागणी केली होती का, पलीकडच्या व्यवस्थापकाने ती सोय चालू ठेवली आहे का, आणि कुकी हाताळणारा छोटा कार्यक्रम तिथे आहे का.

अक्षरांचे काय? एक्सच्या मूळ रचनेत फाँट आपल्या बाजूला, पडद्याच्या सर्व्हरकडे असत. दूरचा कार्यक्रम फक्त फाँटाचे नाव आणि अक्षरांचे क्रमांक सांगे. तो फाँट आपल्याकडे नसला की कार्यक्रम थांबे किंवा भलतेच उमटे. शिवाय एका क्रमांकाला एक आकृती एवढाच हिशेब त्यात होता. जोडाक्षराला तिथे जागा नव्हती. २००० च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांनी अक्षरे गिऱ्हाइकाच्या बाजूला नेली. आता दूरचा कार्यक्रम स्वतःच अक्षर घडवतो आणि त्याची आकृती पाठवतो. हार्फबझसारखे कार्यक्रमसंच त्यानंतर जोडाक्षरे जुळवू लागले. हे नाव म्हणजे 'ओपनटाइप' चे फारसी रूप, त्यातला हर्फ म्हणजे अक्षर. परिणामी आज चित्रमय खिडकीत मराठीच्या जागी चौकटी दिसल्या, तर फाँट आपल्या यंत्रावर बसवून उपयोग नसतो. तो दूरच्या यंत्रावर हवा. साध्या टर्मिनलात याच्या नेमके उलट. तिथे अजूनही क्रमांकच येतात आणि फाँट आपल्याकडे लागतो. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो चुकीच्या टोकाला दुरुस्ती करीत बसतो.

आपली लिपी त्या तारेवर

देवनागरीसाठी हा प्रश्न भारतात स्वतंत्रपणे सोडवला गेला, आणि त्याचा एक धागा पुण्यात येतो. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांच्या टर्मिनलाचे काम झाले. त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि 'जिस्ट' या नावाने ते काम तिथे पुढे गेले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हा संकेत आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण केला. त्यामागचा विचार मला आजही देखणा वाटतो. साठवायचा तो उच्चाराच्या क्रमाने वर्ण, आकृती नव्हे. क, हलन्त, ष असे तीन संकेत तारेतून जातील. त्यांचे 'क्ष' करणे हे पडद्याच्या बाजूच्या यंत्रणेचे काम. सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना एकच तक्ता चालेल. अक्षर कोणाकडे राहते या प्रश्नाचे हे उत्तर स्वच्छ होते : वर्ण साठ्यात, आकृती पडद्याशी.

ऑक्टोबर १९९१ मधल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा तक्ता आला तो इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यूजर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, यूटीएफ-८ ची रचना मांडली. आस्की जशीच्या तशी राहील आणि बाकी साऱ्या लिप्या त्याच तारेवरून जातील, ही तिची करामत. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तिच्यात तीन बाइट लागतात. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे पाच वर्ण, पंधरा बाइट.

पण टर्मिनलाचा पडदा अजूनही व्हीटी-१०० च्या ऐंशी घरांचा आहे. तिथे प्रत्येक वर्णाला किती घरे द्यायची याचा तक्ता असतो. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना शून्य. काना आणि वेलांट्या यांना एक. म्हणजे 'क्ष' दिसायला एक अक्षर, त्याला घरे दोन. 'कि' मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तक्त्यात नंतर येते. दूरचा कार्यक्रम तक्त्याप्रमाणे मोजतो, आपला पडदा आकृतीप्रमाणे रंगवतो आणि कर्सर भलत्याच अक्षराखाली जाऊन उभा राहतो. मराठीला आणखी एक पेच आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधली खिंडारे. दुसऱ्या शब्दातल्या र साठी युनिकोडने मराठीचे नाव घेऊन स्वतंत्र नियम दिला आहे. पण तो पाळण्याची जबाबदारी पडद्याशी असलेल्या फाँटाची आणि जुळणी करणाऱ्या कार्यक्रमाची. त्यांनी तो पाळला नाही, तर शब्द साठ्यात शुद्ध असतो आणि वाचकाला मोडका दिसतो.

दिसणे आणि असणे

गेली काही वर्षे मी जुन्या मराठी नियतकालिकांतील लेखांची सूची करतो आहे. ती भाड्याच्या एका दूरस्थ यंत्रावर ठेवलेली आहे. पुरवठादाराने एकदा यंत्र बदलून दिले आणि त्यानंतर जोडणी केली, तर नियतकालिकांच्या नावाने ठेवलेल्या फायलींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. अशा वेळी पहिली भीती एकच असते : गेले का सगळे? मी ती प्रश्नचिन्हे मोजली. 'केसरी' च्या जागी पंधरा होती. वर्ण पाच, चिन्हे पंधरा. म्हणजे बाइट जसेच्या तसे होते आणि प्रत्येक बाइट ओळखता न आल्याने त्याला एकेक चिन्ह मिळाले होते. पाचच चिन्हे असती तर काळजीचे होते, कारण तेव्हा बहुधा एखाद्या कार्यक्रमाने प्रत्येक वर्ण काढून त्या जागी खरोखरचे प्रश्नचिन्ह लिहिलेले असते, आणि ते परत आणता येत नाही. नव्या यंत्रावर मराठीचा भाषासंच बसवलेला नव्हता. माझ्या बाजूने 'मराठी, यूटीएफ-८' असे सांगितले जात होते, तिकडे ते नाव अनोळखी असल्याने यंत्र मुकाट्याने आस्कीवर उतरले होते. संच बसवला, नावे परतली.

दुसरी खूण अशी. मराठीच्या जागी रोमन ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, शेजारी चलनाचे किंवा येनचे चिन्ह, हे पुन्हा पुन्हा दिसत असेल तर घाबरू नये. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट सोळाच्या मोजणीत ई० असतो, दुसरा ए४ किंवा ए५. जुन्या युरोपीय तक्त्यात त्यांचीच ही रूपे. याचा अर्थ मजकूर यूटीएफ-८ मध्ये शाबूत आहे, वाचणारा चुकीचा तक्ता घेऊन बसला आहे. अशा वेळी फाइल उघडून 'साठवा' म्हणू नये, एवढे पथ्य पुरते. आधी बाइट पाहावेत, मग भाषासंच, मग टर्मिनलाचे नाव, आणि शेवटी फाँट. हा क्रम साठ्याकडून पडद्याकडे येतो.

या दोन खुणा जिथे लागू पडत नाहीत असा एक मोठा साठा मात्र आपल्याकडे आहे. नव्वदच्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर गेली तेव्हा सर्रास वापरले गेलेले फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवणारे होते. इस्कीचा विचार तयार असताना छापखान्यांनी हा जवळचा रस्ता धरला. पाने वेळेवर छापून हवी होती, आणि कागदावर तर सारे सुरेख दिसत होते. त्या फायलींत मराठी वर्ण नाहीतच. मराठी फक्त फाँटात आहे. फाँट हरवला की फाइल उघडते, एकही बाइट बिघडलेला नसतो, आणि वाचायला मात्र रोमन अक्षरांची खिचडी मिळते. प्रत्येक फाँटाचा तक्ता वेगळा, म्हणून रूपांतराचा कोष्टकही प्रत्येकासाठी वेगळा लागतो. त्या काळच्या दिवाळी अंकांच्या जुळणीच्या तबकड्या आणि फायली कुठे कुठे शिल्लक आहेत. छापील अंकाचा कागद पिवळा पडतो आहे आणि फायली वाचता येत नाहीत, अशी दुहेरी अडचण आहे.

स्टिबिट्झ यांच्या तारेतून क्रमांक गेले आणि अक्षरे कागदाशी राहिली, ती वाटणी टिकली कारण दोन्ही टोकांना एकच तक्ता ठाऊक होता. आपल्या फायलींचे एक टोक तीस वर्षांपूर्वीच्या छापखान्यात आहे आणि तिथला तक्ता सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. कोणत्या वर्षी कोणता फाँट वापरला, एवढी एक ओळ प्रत्येक जुन्या फायलीसोबत त्यांच्याकडून लिहून घेतली, तर रूपांतर पुढे कोणालाही करता येईल. ही ओळ लिहून घेण्याचे काम यंत्राकडून होणारे नाही आणि त्याला फार अवधीही उरलेला नाही.